दहा प्लाय की सहा? सड्यावरच्या रस्त्यासाठी टायर घेताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तिथेच धरता येईल. तुम्ही रत्नागिरीत राहता. राजापूरच्या वर सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, तुमची हापूसची बाग आहे, आणि डांबरी रस्ता सोडल्यावर बागेपर्यंत सात किलोमीटर जांभ्याचा कच्चा रस्ता आहे. महिन्यातून एखादी खेप आंबा घाटाने कोल्हापूर. गाडी थार, २०२१ ची, टायर २४५/७५ आर १६. दीड वर्षात दोन टायरांच्या बाजू फाटल्या, आता पाचही बदलायचे आहेत. दुकानदार म्हणतो, दहा प्लायचे घाला, पुन्हा बघायला नको. मित्र म्हणतो, दहा प्लायने गाडीची बैलगाडी होईल, सहा पुरे. आणि तुम्ही विचारताय, लोड रेंज, म्हणजे टायरच्या ताकदीचा दर्जा, ‘सी’ (सहा प्लाय) घेऊ की ‘ई’ (दहा प्लाय)?

उत्तर आधीच देऊन टाकतो: तुम्ही सांगितलेल्या वापराला सी. पण एवढ्यावर थांबलो तर तुमचे पुढचे टायरही फाटतील, कारण तुमचा प्रश्न मुळात लोड रेंजचा नाही. तुमचे टायर वजनाने गेलेले नाहीत, कापून गेलेत. दोन्ही गोष्टी ‘मजबूत टायर’ या एकाच शब्दात बसतात आणि तिथेच घोटाळा होतो.

हातखंबा तिठ्याजवळ माझं टायरचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. चिरेखाणीवरचे टेम्पो, बागायतदारांच्या बोलेरो, मुंबईहून येणाऱ्या हौशी मंडळींच्या जीपा, सगळं हाताखालून गेलंय. पुढे जे लिहितोय त्यातलं निम्मं तिथे चुका करून शिकलेलं आहे.

आधी ही अक्षरं. पूर्वी टायरच्या आत सुती कापडाचे थर असत. जितके थर जास्त तितकी जास्त हवा भरता येई आणि तितकं जास्त वजन उचलता येई. नंतर नायलॉन आलं, पॉलिएस्टर आलं, पट्ट्यांत पोलाद आलं. आता दोन थरांत पूर्वीच्या आठ-दहा थरांची ताकद येते, पण मोजायची भाषा जुनीच राहिली. त्यामुळे ‘दहा प्लाय’ लिहिलेला टायर कापून बघितलात तर आत दहा थर सापडणार नाहीत. तो फक्त दर्जा आहे. सी म्हणजे सहा प्लायचा दर्जा, जास्तीत जास्त वजनाला ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). डी म्हणजे आठ, ६५ पीएसआय. ई म्हणजे दहा, ८० पीएसआय. ही अक्षरं एलटी टायरांवर असतात, म्हणजे हलक्या मालगाड्यांच्या जातीच्या टायरांवर. मोटारीच्या साध्या टायरला अक्षर नसतं, किंवा ‘एसएल’ असतं. त्याहून थोडा तगडा तो ‘एक्सएल’. तुमच्या दुकानदाराची चूक म्हणावी तर एवढीच, की त्याच्या डोक्यात अजून टेम्पोचा नायलॉन टायर आहे. तिथे प्लाय वाढवला की खरंच थर वाढायचे.

आता ज्या गोष्टीवर बहुतेक जण चकतात ती. वजन टायर उचलत नाही, टायरातली हवा उचलते. टायरचं काम ती हवा धरून ठेवणं. तुमच्याच मापाचं उदाहरण घ्या. एलटी २४५/७५ आर १६ मध्ये सी टायर ३५ पीएसआयला साधारण ७७० किलो उचलतो आणि ५० ला १,००० किलो. ई टायर ३५ पीएसआयला किती उचलतो? तेवढंच, ७७०. पन्नासलाही तेवढंच, १,०००. फरक पन्नासच्या पुढे सुरू होतो. सी तिथे थांबतो, ई मात्र ८० पर्यंत हवा घेऊन १,४०० किलोच्या आसपास जातो. म्हणजे ई घेऊन तुम्ही जो जादा पैसा मोजता तो ५० ते ८० पीएसआय या पट्ट्यासाठी. तुम्ही त्या पट्ट्यात कधी जाणार आहात का, एवढंच स्वतःला विचारायचं.

त्यासाठी गाडीचं वजन माहीत हवं, आणि अंदाजाने नाही. चिऱ्याचे ट्रक जिथे मोजतात त्या वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. गाडी तुम्ही सर्वांत जास्त भरता तशी भरलेली हवी, रिकामी मोजून उपयोग नाही. मोठे काटे दहा-वीस किलो इकडेतिकडे दाखवतात, तेवढं चालतं. तुमच्यासारखीच एक थार मी गेल्या सीझनला अशी मोजून घेतली होती. मागची सीट दुमडून भरलेले चौदा क्रेट, ड्रायव्हर आणि शेजारी एक गडी. पुढे १,०३० किलो, मागे १,१७०. म्हणजे मागच्या एका टायरवर ५८५. रस्ता तिरका, खड्डे, एका बाजूला झुकलेला माल, हे सगळं धरून ६५० म्हणा. सी टायर ३५ पीएसआयलाच ७७० उचलतोय. ई इथे करणार काय? रिकामा बसून राहणार.

इथे एक गंमत सांगतो, कारण टायर हातात घेतल्यावर तुम्ही चक्रावणार. तुमच्या मापाच्या कित्येक साध्या टायरांवर लोड इंडेक्स, म्हणजे किती वजन झेपेल त्याचा सांकेतिक आकडा, १११ असतो; त्याचा अर्थ १,०९० किलो. एलटी सीवर लिहिलेलं असेल १०८/१०४, म्हणजे १,००० किलो. मग मजबूत म्हणून घेतलेला टायर कागदावर कमजोर कसा? कारण दोघांच्या आकड्यांमागची गृहीतं वेगळी आहेत. एलटीचे आकडे माल लादून, खराब रस्त्यावर, दिवसचे दिवस चालायचं धरून राखून ठेवलेले असतात. साधा टायर ३५-३६ पीएसआयला पूर्ण आकडा गाठतो, एलटीला तोच आकडा गाठायला पन्नासच्या पुढे जावं लागतं. (तिरक्या रेघेनंतरचा दुसरा आकडा जोडचाकांसाठी असतो, ४०७ टेम्पोला मागे असतात तशी. तुम्ही पहिलाच बघा.)

यातून निघणारी कामाची गोष्ट अशी, की दाराच्या खांबावर हवेचं जे स्टिकर आहे ते कंपनीने दिलेल्या टायरसाठी आहे. एलटी घातल्यावर तोच आकडा ठेवलात तर हवा कमी पडते. मी सुरुवात स्टिकरपेक्षा चार ते सहा पीएसआय जास्त ठेवून करतो आणि मग खडूने तपासतो. टायरच्या तोंडावर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, आडवी जाड खडूची रेघ मारायची, सपाट डांबरीवर सरळ शंभर-दोनशे मीटर चालवायचं, उतरून बघायचं. मधलाच खडू पुसला गेला तर हवा जास्त, कडेचाच गेला तर कमी. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कुठल्याही तक्त्यापेक्षा मला ते खरं वाटतं.

हा हवेचा मुद्दा मी उगाच ताणत नाही. तीनेक वर्षांपूर्वी एक जण दहा प्लायवाली गाडी घेऊन आला. टायर नवेच, पाच-सहा महिन्यांचे. तक्रार अशी की हायवेला गाडी थरथरते. बाहेरून टायर अगदी उभा, बसलेला वगैरे काही नाही. गेज लावला तर १७ पीएसआय. ई टायरची बाजू इतकी ताठ असते की अर्धी हवा गेली तरी तो फुगलेलाच दिसतो; साधा टायर बसला की रस्त्यावरचं पोरही सांगतं. रिमवरून टायर उतरवून आत हात घातला तर बोटांना काळी भुकटी लागली, काजळीसारखी, मूठभर. ती टायरच्याच आतल्या अस्तराची. कमी हवेत बाजू सतत दुमडली जाते, तापते, आणि टायर आतून स्वतःला खात जातो. असा टायर पुन्हा हवा भरून वापरायचा नसतो, बाहेरून कितीही कोरा दिसला तरी. त्या माणसाला हे पटवायला मला अर्धा तास लागला. शेवटी ती भुकटीच त्याच्या तळहातावर ठेवली.

आता तुमच्या फाटलेल्या बाजूंकडे येतो. तुम्ही जो फोटो दाखवलाय त्यात काप खांद्याच्या (तोंड आणि बाजू जुळतात ती कड) खाली दीडेक इंचावर आहे, लांबट, एका कडेला रबराची जीभ उचललेली आणि आत पांढरा दोरा दिसतोय. काप रिमजवळ असता, किंवा जोडीने दोन समांतर असते, तर मी म्हटलं असतं की कमी हवेत खड्ड्यात आपटून टायर रिम आणि दगडाच्या मध्ये चिरडला. हा तसा नाही. हा घासून झालेला काप आहे. तुमच्या रस्त्याला चाकोऱ्या पडल्या असणार आणि चाकोरीच्या कडेला जांभा उघडा पडला असणार.

जांभ्याबद्दल घाटावरच्या लोकांचा एक गैरसमज असतो की हा मऊ दगड. खाणीतून काढताना तो मऊ असतो खरा, म्हणून तर त्याचे चिरे कापता येतात. उघड्यावर वारा-ऊन लागलं की तो कडक होतो. पावसाने त्याच्या भोकांमधली माती धुपून जाते आणि मागे लोहाचं कठीण जाळं उरतं, खवल्यासारखं, धारदार. त्यावर तळहात घासून बघा, किसणीवर घासल्यासारखा लागेल. टायरचं तोंड हे सहन करतं, तिथे रबर जाड असतं आणि खाली पोलादी पट्टे असतात. बाजूला काय असतं? थोडं रबर आणि पॉलिएस्टरचे दोन थर, क्वचित तीन. पोलाद नसतंच.

म्हणून कापाचा विचार करायचा तर लोड रेंजचं अक्षर बघू नका, बाजूवर बारीक अक्षरांत लिहिलेली एक ओळ असते ती शोधा. निर्यातीच्या जातीच्या बहुतेक टायरांवर ती सापडते. त्यात आधी ‘ट्रेड’ म्हणून तोंडाचे थर दिलेले असतात, दोन पॉलिएस्टर, दोन स्टील, एक नायलॉन असं काहीतरी. मग ‘साइडवॉल’ म्हणून बाजूचे थर. मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तर वाचता येते. ई टायर असून बाजूला दोनच थर असलेले कित्येक आहेत, आणि सी असून तीन थरांचेही आहेत. तुम्हाला हवा तो दुसऱ्या जातीचा. तो नाही मिळाला तर निदान ज्याच्या नक्षीची ठोकळी खांद्यावरून खाली बाजूपर्यंत उतरलेली आहेत असा घ्या. चाकोरीच्या कडेला आधी ती ठोकळी घासतात, बाजूचं पातळ रबर नंतर. दोन थरांच्या दोन टायरांत ई थोडा अधिक तग धरतो, हे मी नाकारत नाही; रबर आणि दोरा दोन्ही जाड असतात. पण त्या थोड्यासाठी बाकीचं काय गमावता तेही ऐका.

एक तर वजन. तुमच्या मापात ई टायर साध्यापेक्षा चार-पाच किलो सहज जड. चार चाकांवर तेवढं वाढलं की सस्पेन्शनला प्रत्येक खड्ड्यात ते नाचवावं लागतं, पेट्रोलपंपावरही कळतं. आणि पाचवा टायर तुमच्या मागच्या दारावर टांगलेला आहे हे विसरू नका. जड स्टेपनीने थारच्या दाराची बिजागरी कुरकुरायला लागलेली मी पाहिली आहे. दुसरं म्हणजे हादरा. रिकाम्या गाडीत ई टायर दबतच नाही, खड्ड्यावरून उडतो. तुमच्या मित्राची बैलगाडीची उपमा बरोबर आहे.

पण मला खरी काळजी वाटते ती पावसाची. २००९ साली मी स्वतःच्या बोलेरोला आठ प्लायचे टायर घातले. दुकान आपलं, टायर स्वस्तात पडले, आणि डोक्यात हेच की मजबूत ते बरं. हवा ठेवली ४५, कारण बाजूवर मोठा आकडा लिहिलेला असताना कमी कशाला भरायची असं तेव्हा वाटायचं. जुलै महिना, पावस गावची वाट, बारीक पाऊस, रस्त्याला झाडांची सावली आणि कडेने शेवाळ. वळणावर म्हैस आडवी आली. ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी शांतपणे सरकत गेली, जशी काही तिला घाईच नव्हती. शेवटी एका घराच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, नाक खुपसून उभी राहिली. म्हशीने मान वळवूनही बघितलं नाही. गडगा मला बांधून द्यावा लागला. नंतर खडू मारून बघितलं तर त्या हवेला टायरचं तोंड मधल्या चार बोटांवरच टेकत होतं. हलक्या गाडीला ताठ टायर आणि वर जास्त हवा म्हणजे रस्त्यावर रबर कमी टेकतं. उन्हाळ्यात ते लपून जातं. कोकणात चार महिने लपत नाही.

चिखल आणि वाळूचंही असंच. लाल चिखलात किंवा पुळणीत हवा सोडली की टायर पसरतो, लांब होतो, आणि गाडी वर तरंगते. सी टायर १८ पीएसआयला छान पसरतो. ई तिथे अजून ताठच उभा, त्याला पसरवायला बारा-तेरावर जावं लागतं, आणि तिथे वळण घेताना टायर रिमवरून निसटायची भीती. (पुळणीवर गाडी घालायचा सल्ला मी देत नाहीये. बऱ्याच किनाऱ्यांवर मनाई आहे, आणि भरतीच्या पाण्यात अडकलेल्या गाड्या ओढायला गावकऱ्यांचाच ट्रॅक्टर लागतो. होडी किंवा जाळी उतरवणाऱ्यांची गोष्ट वेगळी.)

मग तुमच्या सात किलोमीटरसाठी हवा किती? इथे दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात. हवा कमी केली की टायर दगडावर वाकतो, तोंडाला भोक पडत नाही, हादरा कमी बसतो. पण त्याच वेळी बाजू बाहेर फुगते आणि चाकोरीच्या कडेला आयती जाऊन भिडते. मऊ मातीच्या रस्त्याला मी २०-२२ सांगितलं असतं. तुमच्या जांभ्याच्या चाकोऱ्यांना नाही. तिथे २६ ते २८, आणि वेग तीसच्या आत. डांबरीवर परत लागण्याआधी हवा भरायची, गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप चालतो, एका टायरला चार-पाच मिनिटं धरा. आता खरं सांगायचं तर जाताना सोडायची, येताना भरायची, हे दर खेपेला तुम्ही करणार नाही. मीही करत नाही. नसेल करायचं तर भरल्या गाडीला पुढे ३२, मागे ३५-३६ कायम ठेवा आणि कच्च्या रस्त्यावर हळू जा. उन्हाळी सड्यावर हळू जाणं हे निम्म्या टायरांइतकं काम करतं.

घाटासाठी एक वेगळी तपासणी सांगतो. सकाळी थंड टायरला हवा मोजून निघा. आंबा गावात चहाला थांबलात की लगेच पुन्हा मोजा. चार ते सहा पीएसआय वाढलेली असेल तर ठीक. त्याहून जास्त, आठ-दहा वाढली असेल, तर टायर जास्त तापतोय, म्हणजे निघताना हवा कमी होती. वाढलेली दिसली म्हणून तिथे हवा सोडायची चूक मात्र करू नका. उलट दुसऱ्या दिवशी थंड असताना दोन-तीन पीएसआय जास्त भरून बघा. साखरप्यापासून वर चढताना आणि उतरताना टायरला जो मार बसतो तो तुमच्या बागेच्या रस्त्यापेक्षा वेगळा, पण तितकाच खरा आहे.

मी सी म्हटलं ते तुम्ही दिलेल्या माहितीवर. माहिती बदलली तर उत्तर बदलेल. एप्रिल-मेमध्ये सड्यावर पाण्याची बोंब असते, फवारणीला पाणी खालून न्यावं लागतं. दोनशे लिटरचा एक ड्रम म्हणजे दोनशे किलो, ड्रम धरून जास्तच. एक ड्रम नेत असाल तर वरचा हिशोब कायम. दोन-दोन ड्रम आणि वर माणसं असतील तर टायरच्या आधी तुमच्या गाडीची मर्यादा संपते. हे लोक विसरतात: दहा प्लाय घातला म्हणून ॲक्सल, स्प्रिंग, बेअरिंग आणि ब्रेक दहा प्लायचे होत नाहीत. रिमलाही हवेची आणि वजनाची स्वतःची मर्यादा असते. पाण्यासाठी ट्रॉली किंवा भाड्याचा पिकअप परवडतो. पिकअप स्वतःचाच असेल, चिरे नाहीतर हजार लिटरची टाकी रोज वाहत असेल, तर मात्र मी न विचारता ई देतो. तिथे हवा साठच्या पुढेच लागते आणि सी तिथपर्यंत पोचतच नाही. डी हा मधला मार्ग कागदावर छान, पण तुमच्या मापात आपल्याकडे मिळायची मारामार. त्याच्या मागे लागू नका.

उलट बाजूही आहे. मला कोणी जिमनी घेऊन विचारलं तर मी बहुतेक वेळा एलटी टायरच नको म्हणतो. इतक्या हलक्या गाडीला चांगला साधा ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्चा, दोन्ही रस्त्यांचा) टायर पुरतो.

एक कारण टायरमध्ये नाहीच, बागेत आहे. मिरगाच्या आधी ग्रासकटर मारून वाट साफ केली की करवंदीचे आणि रानझाडांचे बोटभर खुंट उरतात, तिरपे कापलेले, भाल्यासारखे. पहिल्या पावसात गवत वाढून ते झाकले जातात. जून-जुलैमध्ये माझ्याकडे बाजू भोसकलेले जे टायर येतात त्यांतले बरेच याचे. गड्याला सांगून वाटेवरचे खुंट मातीबरोबर कोयत्याने सरळ तोडून घ्या. आणि चाकोरीच्या कडेची जांभ्याची दोन-चार वाईट टोकं पहारेने फोडून टाका. एका दिवसाची मजुरी जाईल. तिसरा थर तुम्हाला टायरपेक्षा तिथे स्वस्त पडेल.

बाजूचा काप शिवून किंवा आतून गेटर (जाड रबरी ठिगळ) लावून देणारे सापडतील. ओळखीतल्यांनी लावला असला तरी मी असा टायर घाटात जाऊ देत नाही. बाजू सतत वाकते, तिथला जोड टिकत नाही. आत ट्यूब घालून चालवणं हाही उपाय नाही, ती कापाच्या कडेवर घासून कधी जाईल सांगता येत नाही. तुमच्या त्या दोन टायरांचे झोपाळे करा.

खरेदीच्या वेळी पाचही टायर एका जातीचे घ्या, चार सी आणि स्टेपनीला जुना साधा असं नको. फोर-व्हील लावल्यावर वेगळ्या घेराचे टायर गिअरबॉक्सला ओढाताण करतात. माप तेच ठेवा. आयएसआयचा शिक्का बघा. बाजूवरच्या लंबगोलात चार आकडे असतात, आठवडा आणि साल. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दीड-दोन वर्षं गोदामात पडलेला टायर सवलतीत देत असतील तर मी घेत नाही. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने रिमच्या कडेला गंज धरतो, तिथून हवा मुंगीच्या पावलाने जाते आणि लोक टायरला दोष देतात. नवे टायर बसवताना रिमची कड तारेच्या ब्रशने घासून घ्यायला सांगा, वाल्व नवे घाला, टोप्या प्लास्टिकच्याच ठेवा. धातूच्या चकचकीत टोप्या आपल्याकडे वर्षभरात वाल्वला चिकटून बसतात आणि मग पक्कडीने वाल्वच तुटतो.

काट्यावर जाऊन आलात की पुढचा आणि मागचा आकडा इथेच टाका, बागेत जाताना गाडी कशी भरलेली असते तेही लिहा, मग हवेचा नेमका आकडा सांगतो. तोपर्यंत एक काम करा, आजच. स्टेपनीची हवा मोजा. गेल्या गणपतीत रात्री साडेअकराला एक कुटुंब माझ्या दारात उभं होतं. पंक्चर चाक काढून स्टेपनी लावली होती, आणि तिच्यात नऊ पीएसआय होते.